यादी वस्तूंची की माणसांची?



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या रहाटणीचे रूप पालटू लागते. काळेवाडीपासून पिंपळे सौदागरपर्यंत दुकानांच्या दारात कागदी चांदण्या लटकू लागतात. पिंपरी कॅम्पात शगुन चौकाच्या आसपास संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना बाजारात जायला सवड नाही, त्यांच्या दाराची बेल पार्सल घेऊन आलेला मुलगा वाजवतो. मिस्सा संपल्यावर मंदिराच्या आवारातही सध्या एकच प्रश्न कानी पडतो, "काय, झाली का नाताळची खरेदी?"

फादर खरेदीविषयी बोलू लागले की आता आपल्याला बोलणी बसणार, असे अनेकांना वाटते. आज तसे काही करणार नाही. वर्षभर ओव्हरटाइम करून मुलीसाठी फ्रॉक घेणारा बाप आणि भिशीतले पैसे राखून सासऱ्यांसाठी स्वेटर घेणारी सून, यांच्या खरेदीत प्रेम आहे. प्रेमाने दिलेल्या वस्तूचा देवाला कधी राग आला, असे पवित्र शास्त्रात मला कुठे आढळलेले नाही. माझा प्रश्न निराळा आहे. आपण जी यादी करतो, ती कशाची करतो?

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत घरभेटी करताना मी आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडे गेलो होतो. दोन खोल्यांचे घर. फ्रिजच्या दारावर शाळेच्या वहीचा कागद चिकटवलेला होता. वर थोरल्या मुलीच्या अक्षरात 'नाताळ' असे लिहिले होते आणि खाली यादी होती : फ्रॉक, शर्ट, बूट, लायटिंग, केक, स्पीकर. सगळ्यात शेवटी आईच्या अक्षरात एकच शब्द होता, 'आजी', आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

मी त्या प्रश्नचिन्हाविषयी विचारले. घरधनी जरा ओशाळले. म्हणाले, "फादर, आई श्रीरामपूरकडे गावी एकटीच असते. दरवर्षी म्हणतो आणू, पण जमत नाही. मी चाकणला कामाला, चोवीसला सेकंड शिफ्ट आहे. आणायला कधी जाऊ? त्यापेक्षा गाववाल्यांबरोबर लुगडं पाठवून देतो."

मी काहीच बोललो नाही. बोलण्याचा मला अधिकारही नव्हता. का, ते पुढे सांगतो.

प्रिय भाविकहो, संत लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात संत योहान बाप्तिस्ता यार्देन नदीकाठी उपदेश करताना दिसतो. लोक त्याला विचारतात, "मग आम्ही काय करावे?" नाताळपूर्वी आपणही हेच विचारतो. योहान स्वतः अरण्यात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा आणि टोळ खाणारा. सर्वकाही सोडून माझ्यामागे या, असेच तो सांगेल असे वाटते. पण तो तसे सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत, त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे तो लोकांना सांगतो. जकातदारांना तो ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणतो. शिपायांना तो दोन गोष्टी सांगतो : कोणाला धाकदपटशा दाखवून लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना.

योहान जर आपल्या रहाटणी फाट्यावर उभा राहिला, तर आपल्या कामगार वस्तीला तो याहून वेगळे काय सांगेल? आपल्या पट्ट्यातील बहुतेक कामगारांच्या हाती बोनस पडतो तो दिवाळीत. आपल्या नाताळापर्यंत त्यातले फारसे उरलेले नसते. डिसेंबरचा पगार व्हायचा असतो आणि नाताळ येतो पंचवीस तारखेला, म्हणजे खिसा रिकामा असतानाच. कंत्राटी कामगारांची अवस्था तर त्याहून बिकट. नेमक्या त्याच वेळी मोबाइलवर जाहिराती येऊ लागतात : आज घ्या, पैसे नंतर द्या, बिनव्याजी हप्ता.

येथे सावध असावे. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते दुसऱ्या नावाने वसूल केले जाते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते. बारा महिन्यांच्या हप्त्यावर पंधरा हजारांचा फोन घेतला, तर वरखर्च सोडूनही महिन्याला साडेबाराशे रुपये गेले. म्हणजे पुढच्या नाताळची चांदणी टांगायची वेळ येईपर्यंत आपण गेल्या नाताळचे पैसे भरत राहणार. दरम्यान शाळेची फी येते, दुखणेखुपणे येते, घरमालक भाडे वाढवतो. मग घरात आवाज चढतात. ज्या वस्तूने घरात आनंद यावा म्हणून ती आणली, तीच भांडणाला कारण ठरते. अशा घरांची दुःखे मी ऐकली आहेत, म्हणून हे सांगतो.

आपल्यापुढे पवित्र कुटुंबाचे उदाहरण आहे. बाळ येशूला मंदिरात अर्पण करण्यासाठी मरिया व योसेफ यरुशलेमला गेले. नियमशास्त्राप्रमाणे आईने कोकरू आणायचे होते. ज्यांची तेवढी ऐपत नसेल, त्यांनी दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिले आणावीत, अशी सवलत होती. संत लूक सांगतो की त्यांनी पाखरांचेच अर्पण केले. या ओळीवरून आपण घाईने पुढे जातो. पण थोडे थांबून पाहा. योसेफ हाताने काम करणारा सुतार होता. देवाचा पुत्र त्याच्या कडेवर होता. "एवढे मोठे बाळ आपल्या घरी आले आहे, चारचौघांत पाखरे कशी न्यायची? उसने पैसे काढून कोकरू घेऊ," असे त्याला वाटू शकले असते. पण तो ऐपतीप्रमाणे चालला. त्याने त्याची लाज बाळगली नाही आणि परमेश्वरानेही ते अर्पण कमी लेखले नाही.

म्हणून ज्या आईबापांना या वर्षी मुलांना महागडी वस्तू घेता येणार नाही, त्यांना मी सांगतो, मान खाली घालू नका. नाझरेथच्या त्या घरात तुमच्यासारखीच माणसे राहत होती. मुलांना जवळ बसवून सांगा, "बाळांनो, यंदा आपल्याला एवढेच जमते." आपल्याला वाटते त्यापेक्षा मुले अधिक समंजस असतात. आईबापांनी चोरून कर्ज काढावे आणि मग त्या कर्जाचा राग त्यांच्यावर काढावा, हेच मुलांना कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. भेट म्हणजे काय? मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स आपल्याला ठाऊक आहेत. त्यांना येथील लोकांना ख्रिस्ताची कथा द्यायची होती. ती ते पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये देऊ शकले असते. त्यांना तेच सोपे होते. पण ते मराठी शिकले, ओवी शिकले आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. देणाऱ्याने घेणाऱ्याची भाषा शिकली. चारशे वर्षे उलटली, तरी आपण त्या भेटीचे नाव काढतो, याचे मूळ मला यातच दिसते.

आपण भेट देताना एवढा विचार करतो का? मुलाला बापाची सोबत हवी असते, आपण त्याला खेळण्यातली गाडी देतो. पत्नीला दोन गोड शब्द हवे असतात, आपण मिक्सर आणतो. म्हाताऱ्या आईला आपला चेहरा पाहायचा असतो, आपण लुगडे पाठवतो.

मघाशी म्हणालो, मला बोलण्याचा अधिकार नव्हता. त्याचे कारण आता सांगतो. धर्मगुरूचा नाताळ मंदिरातच जातो. धर्मगुरू झाल्यापासून नाताळच्या दिवशी मी घरी नव्हतो, हे खरेच. पण नाताळनंतर चार दिवस काढून आईला भेटायला जाणे मला अशक्य नव्हते. दरवर्षी काहीतरी निघायचे : सहल, शिबिर, एखादी बैठक. मग मी कोणाबरोबर तरी शाल पाठवून द्यायचो आणि फोनवर विचारायचो, "आई, शाल मिळाली का? आवडली का?" ती म्हणायची, "मिळाली बाबा, लई ऊबदार आहे."

आई देवाघरी गेली, तेव्हा तिची पेटी आम्ही भावंडांनी उघडली. त्यात पाच शाली होत्या. पाचही पिशवीत होत्या, तशाच घडी केलेल्या. टाचण्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "ती थंडीत तुमचाच जुना स्वेटर घालायची. एकदा तुम्ही आलात तेव्हा विसरून गेला होता ना, तो." त्या स्वेटरची कोपरे विरून गेली होती.

बंधू-भगिनींनो, मी दिलेल्या शालींपेक्षा, मी आलो होतो याची खूण तिला जास्त ऊबदार वाटली. पाच शालींचे पैसे मी खर्च केले, पण त्या पाच वर्षांत तिला एकही भेट दिली नाही. याचे पापनिवेदन मी केले आहे आणि देवाने मला क्षमाही केली आहे. पण ती पेटी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

नाताळचे रहस्य येथेच आहे. परमेश्वराने अनेक शतके संदेष्टे पाठवले, करार दिला, आज्ञा दिल्या. शेवटी तो स्वतः आला. कोणाबरोबर काही पाठवून तो थांबला नाही. गोठ्यातल्या थंडीत, गुरांच्या वासात, जागा नसलेल्या गावात तो स्वतः येऊन राहिला. आपल्या सर्व भेटवस्तू या एका येण्याची आठवण म्हणून आहेत. जी भेटवस्तू आपल्याला माणसाच्या जवळ नेते, ती नाताळची. जी आपल्या न येण्यावर पांघरूण घालते, तिच्यावर कितीही चकचकीत कागद गुंडाळला तरी ती नाताळची होत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची घराणी अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे आपल्या जुन्या नगरकडून येथे आली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले आणि गावोगावची माणसे कामासाठी इकडे वळली. कोणी गोव्याहून आले, कोणी वसईहून, कोणी मंगळूर, केरळ, तमिळनाडूहून. आपण येथे घरे केली, पण कितीतरी घरांत एक तरी वृद्ध माणूस मागे गावी राहिले आहे. योसेफही नोंदणीसाठी आपल्या पूर्वजांच्या गावी गेला होता, तेही मरिया गरोदर असताना. गावाकडची वाट अवघड असते, हे पवित्र कुटुंबाला सांगायला नको.

वाट थोडी सोपीही झाली आहे. २०२२ साली ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ साली महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. आजीला आणायचे भाडे आता केकपेक्षा स्वस्त पडते. तेव्हा अडचण खरोखर पैशांची आहे की सवडीची, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणाला विचारावे.

सण घरात टिकवायचा असेल, तर आणखी दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट घरातल्या स्त्रियांची. करंज्या, चकल्या, कुलकुल, नेवऱ्या, केक, बिर्याणी, घराची साफसफाई, मुलांचे कपडे, हे सारे एकाच माणसाच्या माथी असते. मध्यरात्रीच्या मिस्सेला ग्लोरिया सुरू असताना पेंगणाऱ्या माता मी वेदीवरून पाहतो. मला त्यांचा राग येत नाही. मला त्यांच्या घरच्या पुरुषांना विचारावेसे वाटते, "तुम्ही करंज्या लाटायला बसला होता का?" पुरुषांनी या वर्षी पत्नीला साडी जरूर घ्यावी, पण चोवीस तारखेची भांडीही घासावीत. ती भेट तिच्या फार दिवस लक्षात राहील.

दुसरी गोष्ट बाटलीची. नाताळ आला म्हणून बाटली आलीच पाहिजे, असे काही घरांत ठरूनच गेले आहे. ज्या मुलाने आठ दिवस खपून गोठा केला, त्याच मुलाला नाताळच्या रात्री बापाला सावरून पलंगावर न्यावे लागते. त्या मुलाला कोणती भेटवस्तू द्याल म्हणजे ती रात्र भरून निघेल? ज्यांना ही सवय सुटत नाही, त्यांनी माझ्याकडे यावे. दार बंद करून बोलू. मी रागावणार नाही.

मग आम्ही काय करावे? योहानाला विचारलेला प्रश्न पुन्हा विचारू आणि त्याच्यासारखीच साधी उत्तरे घेऊ.

पहिले, यादी आधी माणसांची करा आणि मग वस्तूंची. घरातील, गावाकडील, शेजारील आणि ज्यांच्याशी अबोला आहे अशांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे त्याला काय हवे आहे, ते लिहा. काहींपुढे वस्तू येईल, काहींपुढे 'भेटायला जाणे' येईल. एखाद्या भावाच्या नावापुढे 'क्षमा मागणे' येईल. वाटणीवरून तुटलेला भाऊ ओट्यावर येऊन चहा प्यायला, तर त्या घरी चांदणीला दिवा लावायचीही गरज नाही.

दुसरे, खर्चाचा आकडा पतिपत्नींनी मिळून आधी ठरवा आणि त्यापुढे जाऊ नका. सणासाठी कर्ज काढू नका.

तिसरे, गोठा विकत आणू नका. मुलांबरोबर बसून करा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा केला, तेव्हा तेथे गव्हाणी, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढेच होते. त्याच ग्रेच्चोला जाऊन पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली घरोघरी गोठा करण्याची प्रथा जपा, असे पत्र लिहिले. पार्सलचे खोके फेकू नका. त्याच पुठ्ठ्याचा गोठा उत्तम होतो.

चौथे, भेटी उघडण्यापूर्वी गोठ्यासमोर सर्वांनी बसा. घरातील सर्वात लहान वाचणाऱ्याने लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पहिली वीस वचने मोठ्याने वाचावीत. फोन तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. पाच मिनिटे लागतात.

पाचवे, दोन अंगरख्यांची आठवण ठेवा. नवा कपडा घेतलात, तर एक चांगला, धुतलेला, बटणे शाबूत असलेला कपडा मंदिराच्या दाराजवळील पेटीत टाका. जे आपल्याला नको, ते गरिबाला देणे याला दान म्हणत नाहीत.

सहावे, दिवाळीत ज्या शेजाऱ्यांकडून फराळाचे ताट आले, त्यांच्याकडे आपले ताट गेलेच पाहिजे. रिकामे भांडे परत करू नये, हे आपल्या आज्यांनीच आपल्याला शिकवले आहे. मोलकरणीने, मुलांना घेऊन मिस्सेच्या गर्दीत भाड्याने राहणाऱ्या नव्या कुटुंबाने, चाळीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या आजोबांनीही ते ताट पाहावे.

आता त्या फ्रिजवरच्या यादीचे काय झाले, ते सांगून संपवतो. जानेवारीत तीन राजांच्या सणाच्या दिवशी ते घरधनी मिस्सेनंतर थांबले. त्यांच्याबरोबर नऊवारीतली एक म्हातारी होती. ते म्हणाले, "फादर, ही आमची आई. लाइनवर माझ्याशेजारी एक जण काम करतो. दिवाळीच्या पाडव्याला मी त्याची शिफ्ट केली होती. त्याला सहज म्हटलं, तर तो म्हणाला, 'मग नाताळला तुझी मी करतो, त्यात काय!' तेवीसला रात्री गेलो आणि चोवीसला दुपारपर्यंत आईला घेऊन आलो. स्पीकर राहिला घ्यायचा."

म्हातारीने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "स्पीकर कशाला पायजे बाबा, मी आलेय की! गप बसत न्हाई मी." सगळे हसले.

त्या घरी नाताळ साजरा झाला, त्यात चाकणच्या एका हिंदू बांधवाची एक पाळीही होती. त्याने कागदात गुंडाळून काहीच दिले नाही. त्याने आपले आठ तास दिले.

हे बाळ येशू, तू आमच्याकडे स्वतः आलास. आम्हांलाही आपल्या माणसांकडे स्वतः जाण्याची बुद्धी दे. ज्यांच्या हाताला या नाताळात काम नाही, त्यांना काम दे. जे पाळीवर आहेत, त्यांचे रक्षण कर. जे गावी वाट पाहत बसले आहेत, त्यांच्या दाराची कडी कोणीतरी वाजवो. आमेन.

आपणा सर्वांना व आपल्या कुटुंबीयांना नाताळच्या प्रेमपूर्वक शुभेच्छा!

आपला,
धर्मगुरू